कोर्टाचा घटस्फोट झाला, मग निकाह सुटला का?

प्रश्न खेड तालुक्यातल्या एका भावाचा आहे. त्यांच्या बहिणीचा निकाह २०१२ साली गावातच झाला, जमातीच्या, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाच्या, रजिस्टरात नोंदही झाली. नंतर नवरा-बायको इंग्लंडला गेले, लेस्टरमध्ये राहिले. पुढे पटेना. बहिणीने तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला आणि २०२४ मध्ये अंतिम आदेश हातात आला. आता तिला चांगलं स्थळ आलंय, निकाह गावात करायचाय. काझीसाहेब म्हणतात, पहिल्या नवऱ्याचा तलाकनामा दाखवा. नवरा म्हणतो, "कोर्टाने तलाक दिला असेल, मी दिलेला नाही. शरियतने ती अजून माझीच बायको आहे. माझ्या घरचं सोनं परत करा, मग बघू." भावाचा प्रश्न इतकाच, की यात खरं कोण बोलतंय?

भाई, दोघंही अर्धंअर्धं खरं बोलताहेत. म्हणूनच हे प्रकरण घोंगड्यासारखं भिजत पडलंय.

मी स्वतः कोकणी मुसलमान घरातली. रत्नागिरी आणि मुंबई मिळून सव्वीस वर्षं याच कामात आहे. सुरुवातीच्या काळात मी एका अशिलाला बेधडक सांगितलं होतं, "कोर्टाचा हुकूम आला ना, संपलं." तिच्या दुसऱ्या निकाहच्या दिवशी, मांडव उभा असताना, काझींनी खुतबा वाचायला नकार दिला. चूक माझी होती. कायद्याचा हुकूम कायद्यापुरता बरोबर होता, पण ज्या माणसाने निकाह पढवायचा त्याच्यासमोर ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून या विषयात मी 'संपलं' हा शब्द वापरत नाही.

आधी मुळातली गोष्ट. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे आणि तो तुटण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. नवऱ्याने दिला तर तलाक. बायकोने काही मोबदला देऊन मागितला आणि नवऱ्याने मान्य केला तर खुला. दोघांनाही नको असेल आणि दोघांनी मिळून सोडवला तर मुबारात. नवरा त्रास देत असेल, पोसत नसेल, बेपत्ता असेल आणि सोडतही नसेल, तर काझीने निकाह रद्द करायचा, तो फस्ख. चौथ्या वाटेत नवऱ्याची मर्जी लागत नाही, लागतो तो अधिकार असलेला काझी. सगळा वाद इथेच आहे: इंग्लंडमधला किंवा भारतातला न्यायाधीश हा त्या अर्थाने काझी आहे का?

इस्लामी कायद्याच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, त्यांना मजहब म्हणतात. त्यांतल्या हनफी मजहबाच्या देवबंदी मुफ्तींचं, म्हणजे धर्मकायद्याचा सल्ला देणाऱ्या विद्वानांचं, साधारण उत्तर असं, की मुसलमान नसलेल्या न्यायाधीशाने नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध दिलेला आदेश हा शरई फस्ख होत नाही. डब्लिनमध्ये मुख्यालय असलेल्या युरोपीय फतवा परिषदेने (स्थापना १९९७) याच्या उलट बाजू घेतली. त्यांचं म्हणणं, की माणसाने त्या देशाच्या कायद्याखाली लग्न केलं, म्हणजे त्या कायद्याचे परिणामही त्याने गृहीत धरून मान्य केले. मग तिथल्या न्यायाधीशाचा घटस्फोट त्याला पाळावा लागेल. मला हे म्हणणं पटतं. पण माझ्या पटण्याला खेडच्या जमातीत किंमत नाही. शिवाय तुमच्या बहिणीचा निकाह इंग्लंडच्या कायद्याखाली नव्हे, गावात झालाय, त्यामुळे हा युक्तिवाद तिच्या बाबतीत थोडा लंगडतो.

म्हणून मी प्रश्नच बदलून विचारते. 'कोर्टाच्या घटस्फोटाने निकाह तुटतो का' असं विचारलं की दहा मुफ्ती दहा दिशांना जातात. 'त्या कोर्टाच्या कागदांत नवऱ्याने नेमकं काय केलं' असं विचारलं, तर बहुतेक जण एका जागी येतात. नवऱ्याने स्वतः अर्ज केला असेल, तर तो बायकोला सोडण्याचा लेखी इरादा आहे. दोघांनी मिळून अर्ज केला असेल तर ती मुबारात मानायला फार अडचण येत नाही. अर्ज बायकोने केला पण नवऱ्याने 'मला घटस्फोट मान्य आहे' असं लिहून सही केली असेल, तरी बरेच हनफी मुफ्ती त्याला तलाक-ए-बाइन, म्हणजे परत न घेता येणारा तलाक, धरतात. आपण कोकणी मुसलमान शाफई. शाफई मजहबात नुसतं लिहिणं हे किनाया समजलं जातं, म्हणजे लिहिताना मनात तलाकची नियत होती का हे विचारावं लागतं. आणि नियत ज्याची त्यालाच ठाऊक. म्हणून आपल्याकडे नवरा "मी फक्त वकिलाने दिलेल्या कागदावर सही केली, तलाकची नियत नव्हती" असं म्हणून निसटू शकतो. नवरा अर्जाला उत्तरच देत नसेल, किंवा फक्त 'कागद मिळाले' इतकंच कळवत असेल, तर त्याच्याकडून धर्माच्या हिशेबात काहीच घडलेलं नसतं.

तुमच्या बहिणीचं नेमकं हेच झालंय. तुम्ही पाठवलेल्या कागदांत नवऱ्याने केवळ नोटीस मिळाल्याची पोच दिलेली दिसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटाचा कायदा बदललाय. आता कोणाचा दोष दाखवावा लागत नाही. लग्न पार मोडलंय एवढं एकाने लिहून दिलं की पुरे. अर्जापासून सशर्त आदेशापर्यंत किमान वीस आठवडे, मग अंतिम आदेशासाठी आणखी सहा. समोरच्याला विरोध करायला फारशी जागाच उरलेली नाही. लोकांच्या डोक्याचा ताप वाचला हे चांगलंच झालं. पण आपल्या कामात त्याचा एक आडपरिणाम झाला: पूर्वी नवऱ्याचं लेखी उत्तर, संमती, काहीतरी हाती लागायचं, आता नुसती पोच मिळते. त्याच कायद्याने दोघांनी मिळून अर्ज करायची सोयही दिली आहे, आणि ज्यांचं अजून सुरू व्हायचंय त्यांना मी नेहमी सांगते, नवरा अर्ध्या मनाने जरी तयार असला तरी संयुक्त अर्जच करा. त्याची ती एक सही पुढे चार दरवाजे उघडते.

आता भारताचा कायदा. काझीसाहेबांचं म्हणणं तुम्हाला निव्वळ आडमुठेपणा वाटतंय, पण त्यांच्या नकळत ते तुमच्या बहिणीला एका धोक्यातून वाचवताहेत.

परदेशी कोर्टाचा निकाल भारतात कधी चालतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या प्रकरणात त्याचा अर्थ घटस्फोटापुरता स्पष्ट केला: लग्न ज्या कायद्याखाली झालं त्या कायद्यात जे कारण बसतं त्याच कारणावर, आणि त्या कायद्याने ज्या कोर्टाला अधिकार आहे त्याच कोर्टाने, घटस्फोट दिलेला हवा. अपवाद दोन-तीनच. समोरचा स्वखुशीने त्या कोर्टासमोर हजर होऊन, आपल्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर लढला असेल, किंवा त्याने घटस्फोटाला संमती दिली असेल, तर चालतं. प्रकरण हिंदू जोडप्याचं होतं, पण कलम १३ सगळ्यांना सारखंच. 'लग्न पार मोडलंय' हे कारण मुसलमान स्त्रीसाठी असलेल्या १९३९ च्या कायद्यात नाही. नवऱ्याने संमती दिली नाही, लढलाही नाही. म्हणजे लेस्टरमध्ये तुमची बहीण शंभर टक्के घटस्फोटित आहे, आणि खेडमध्ये तिच्या कागदावर कोणीही बोट ठेवू शकतं. उद्या त्या माणसाने डूख धरून तक्रार केलीच, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली, म्हणजे पहिला विवाह कायम असताना दुसरा केल्याबद्दल, तिला उत्तर देत बसावं लागेल. पुरुषाच्या चार निकाहांची ढाल बाईला नाही. शिक्षा होईल असं मी म्हणत नाही, पण फौजदारी तक्रारीच्या फेऱ्यात सापडणं हीच शिक्षा असते.

उलट बाजूही लक्षात घ्या. इंग्लंडच्या भूमीवर कोणी तोंडी किंवा लेखी तलाक दिला, शरिया कौन्सिलने, म्हणजे तिथल्या मुसलमानांच्या धार्मिक मंडळाने, खुल्याचं सर्टिफिकेट दिलं, तरी इंग्लंडच्या कायद्यात त्याने लग्न संपत नाही. १९८६ च्या तिथल्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे त्या देशात घटस्फोट फक्त कोर्टातूनच होतो. आणि तुमच्या बहिणीचा निकाह भारतात रीतसर झालेला असल्याने इंग्लंडने तो पहिल्यापासून कायदेशीर लग्न म्हणून मानला. म्हणून तिथल्या कोर्टाचा आदेश लागणारच होता, तो पैसा वाया गेलेला नाही. इंग्लंडमध्येच मशिदीत नुसता निकाह करून नोंदणी न केलेल्या जोडप्यांची कथा वेगळी. अख्तर विरुद्ध खान प्रकरणात तिथल्या अपील कोर्टाने २०२० मध्ये अशा निकाहला कायद्याच्या नजरेत लग्न मानायलाच नकार दिला. त्या बायकांना कोर्टाचा घटस्फोट मागताच येत नाही आणि पोटगीही हातून जाते.

सारांश काय, तुमच्या बहिणीकडे इंग्लंडात चालणारा कागद आहे. भारतात चालणारा नाही. आणि गंमत अशी, की काझीसाहेबांना जो कागद हवाय तोच भारतीय कोर्टालाही हवाय. आपल्याकडे १९३७ च्या शरियत कायद्यामुळे तलाक, खुला, मुबारात हे व्यक्तिगत कायद्याचे प्रकार म्हणून ओळखले जातात. त्यामुळे नीट लिहिलेला मुबारातनामा हा एकाच वेळी धर्माचाही कागद आहे आणि कायद्याचाही. माझा पहिला प्रयत्न म्हणूनच नेहमी मुबारातचा असतो.

मुबारातनाम्यात काय असावं? दोघांची नावं, निकाहची तारीख आणि ठिकाण, मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं देणं, किती ठरला होता, किती दिला. मग एक सरळ वाक्य: 'आम्ही दोघे परस्परसंमतीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, आजच्या तारखेपासून मुबारातने हा निकाह संपवत आहोत आणि एकमेकांना या निकाहच्या बंधनातून मोकळे करत आहोत.' मग सोनं, मेहर, सामान यांचा हिशेब, आणि मुलं असतील तर त्यांच्याबद्दल 'इंग्लंडच्या कोर्टाचा आदेश लागू राहील' एवढीच ओळ. मुलांचा ताबा आणि घर-पैसे यांचा निवाडा तिथल्या कोर्टाने केला असेल तर तो जमातीत पुन्हा उकरू देऊ नका. नवरा इंग्लंडात सही करणार असेल तर तिथल्या नोटरीसमोर करावी आणि कागदावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, घ्यावी. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात. पुढे इथल्या कोर्टाकडून 'हा निकाह अमुक तारखेला संपला' अशी घोषणा करून घ्यावी. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ मध्ये वैवाहिक दर्जा ठरवून देण्याचा अधिकार आहे. दोघांची संमती असेल तर याला फार वेळ लागत नाही.

नवरा मुबारातला तयार झाला नाही आणि शेवटी चिडून म्हणाला, "घ्या तलाक," तर एका गोष्टीसाठी डोळ्यांत तेल घालून बसा. रागाच्या भरात माणसं एका कागदावर तीनदा तलाक लिहून पाठवतात. बाईच्या घरचे खूश होतात, सुटलो म्हणून. पण २०१९ च्या कायद्याने असा एकदम दिलेला, लगेच कायमचा होणारा तलाक भारतात पोकळ ठरतो, वर देणाऱ्यावर तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. म्हणजे तो कागद हातात घेऊन तुम्ही कोर्टात गेलात तर तुमच्याच बहिणीचा निकाह कायम असल्याचा पुरावा नेऊन ठेवाल! कागदावर एकच तलाक हवा. त्याच्यामागे कारण हवं आणि समेटाचा प्रयत्न झाल्याचा उल्लेख हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये दगडू पठाण प्रकरणात हेच सांगितलं, की 'मी तलाक दिला' असं नुसतं म्हणून भागत नाही, कारण आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणातही तेच म्हटलं. हे निकाल बायकांच्या संरक्षणासाठी आले, पण सुटू पाहणाऱ्या बाईलाही कागद नीट करून घ्यावा लागतो, ही त्यांची दुसरी बाजू आहे.

आता सोन्याचं. नवरा घरच्या सोन्यासाठी अडून बसलाय. खुल्यात बायकोने मेहर परत करणं हे मान्य आहे; पैगंबरसाहेबांच्या काळात साबित बिन कैस यांच्या पत्नीने मेहरात मिळालेली बाग परत देऊन सुटका करून घेतली, ही हदीस सगळ्यांना माहीत असते. पण त्या प्रसंगात बाईनेच सांगितलं होतं, की नवऱ्याच्या वागण्यात किंवा दीनात खोट नाही, मला नकोसा झालाय. दोष नवऱ्याचा असेल तर त्याने मोबदला घेणं हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, मकरूह-ए-तहरीमी मानलंय, हरामच्या जवळ जाणारं. नवरा 'शरियत, शरियत' करत असेल तर ही शरियतही त्याच्यापुढे ठेवायला हरकत नाही. आणि कुराणात बायकोला त्रास द्यायला रोखून धरू नका असं स्पष्ट आहे (२:२३१), तिला लटकत ठेवू नका असंही आहे (४:१२९). समेटाच्या बैठकीत गावातले दोन वडीलधारे ही आयत शांतपणे वाचून दाखवतात, तेव्हा वकिलाच्या दहा नोटिसांनी न झालेलं काम झालेलं मी पाहिलंय. तरी व्यवहाराचा सल्ला विचाराल तर: सासरकडून चढवलेलं सोनं थोडं असेल आणि बहिणीचं नवं आयुष्य खोळंबलं असेल, तर ते देऊन सही घ्या. मेहर मात्र सहजासहजी सोडू नका. आणि देवाणघेवाण एकाच बैठकीत, सही आधी, सोनं नंतर.

हे सगळं इंग्लंडच्या कोर्टाचा आदेश येण्याआधी झालं असतं तर निम्म्या त्रासात झालं असतं. पैशाच्या वाटणीचा समझोता होत असताना नवऱ्यालाही काहीतरी हवं असतं, घर विकायचं असतं, पेन्शन वाचवायची असते. त्याच वेळी 'अंतिम आदेशाआधी धार्मिक सुटकेच्या कागदावर सही करीन' असं त्याच्याकडून घ्यायचं असतं. एकदा अंतिम आदेश झाला की त्याला सही करायचं कारणच उरत नाही. धर्माच्या हिशेबात तो दुसरा निकाह करायला मोकळा, ती मात्र अधांतरी. यहुदी बायकांची हीच अडचण ओळखून इंग्लंडने २००२ मध्ये कायदा केला, की धार्मिक घटस्फोट दिला जाईपर्यंत कोर्ट अंतिम आदेश रोखून ठेवू शकतं. तो कायदा इतर धर्मांनाही लावता येईल अशी तरतूद ठेवलीय, पण मुसलमानांपर्यंत ती पोहोचवलेलीच नाही. याला मी तिथल्या सरकारइतकाच तिथल्या आपल्या लोकांनाही दोष देते. मागणी जोरात झालीच नाही.

नवरा कशालाच बधला नाही तर? दोन रस्ते आहेत, आणि मी ते दोन्ही एकाच वेळी सुरू करायला सांगते.

एक, इंग्लंडमधल्या शरिया कौन्सिलकडे बहिणीने अर्ज करावा. लंडनच्या लेटनमधलं कौन्सिल १९८२ पासून चालतंय, इतरही शहरांत आहेत. अर्ज करणाऱ्यांत बहुतांश बायकाच असतात. ते नवऱ्याला पत्रं पाठवतात, दोघांचं ऐकायला बोलावतात, तो आलाच नाही किंवा हट्टाला पेटला तर खुला किंवा फस्ख देतात. कोर्टाचा अंतिम आदेश जोडला असेल तर लग्न मोडल्याचा तो भक्कम पुरावा ठरतो. आपण शाफई, आणि शाफई मजहबात नवरा खर्च चालवायला असमर्थ असेल तर काझीला निकाह फस्ख करता येतो, जे मूळ हनफीत नाही. त्यामुळे पोसण्याचा मुद्दा असेल तर अर्जात तो नीट लिहायला हवा. इथे करायचं असेल तर महाराष्ट्रातही दारुल कझा, म्हणजे शरियतने निवाडा देणारी मंडळं, आहेत. पण एक ध्यानात ठेवा: सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये विश्वलोचन मदन प्रकरणात सांगितलंय, की दारुल कझाच्या निवाड्याला किंवा फतव्याला कायद्याचं बळ नाही, कोणावर तो लादता येत नाही. त्यांनी दिलेला कागद काझीसाहेबांच्या समाधानासाठी आणि तुमच्या बहिणीच्या मनाच्या शांतीसाठी. ही दुसरी गोष्ट मी हलकी मानत नाही. कितीतरी अशिलांना कोर्टाचा आदेश हातात असूनही रात्री झोप लागत नाही, "अल्लाच्या नजरेत मी अजून त्याची बायको तर नाही ना," या एका विचाराने.

दोन, भारतात १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली दावा. या कायद्याचा इतिहास थोडा सांगायलाच हवा, कारण काझींशी बोलताना तो कामी येतो. हनफी फिकहमध्ये बाईला सुटकेची वाट इतकी अरुंद होती, की पंजाबात काही बायका निकाह तुटावा म्हणून धर्म सोडल्याचं जाहीर करू लागल्या. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवींनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मालिकी मजहबातून सुटकेची कारणं घेता येतात असे फतवे संकलित केले. त्यातून मुहम्मद अहमद काझमींनी मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं. म्हणजे हा कायदा इंग्रजांनी वरून लादलेला नाही, उलेमांच्या फतव्यांतून आलेला आहे. फक्त एक कलम वाटेत गळलं: न्यायाधीश मुसलमान असावा, ही अट. ती गळाल्यामुळे बऱ्याच उलेमांनी नंतर हात झटकले आणि आज काझीसाहेब जो आक्षेप घेतात त्याचं मूळ तिथे आहे.

कायद्याच्या दृष्टीने यात शंका नाही. या कायद्याखालचा हुकूम म्हणजेच निकाहचा अंत, वेगळ्या तलाकनाम्याची गरज नाही, आणि कलम ५ प्रमाणे मेहरचा हक्कही शाबूत राहतो. दोन वर्षं पोसलं नाही, तीन वर्षं वाजवी कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्य पाळलं नाही, क्रूरता केली, अशी कारणं त्यात आहेत. बहिणीच्या बाबतीत पहिली दोन सहज बसतील असं कागदांवरून दिसतं. दावा मुखत्यारपत्रावर तुम्ही पुढे नेऊ शकता, साक्षीला तिला यावं लागेल किंवा व्हिडिओवरून परवानगी मिळवावी लागेल. वेळ लागतो, खोटं सांगत नाही. पण नवऱ्याच्या सहीवर हे अवलंबून नाही, आणि दावा दाखल झाला की सही देणारे नवरेही मी बरेच पाहिलेत.

खुल्याबद्दल वारा बदलतोय. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं, की खुला हा बायकोचा स्वतःचा हक्क आहे, तिने स्पष्ट जाहीर केलं, मेहर परत द्यायची तयारी दाखवली आणि आधी समेटाचा खरा प्रयत्न झाला असेल, तर नवऱ्याच्या होकारावाचून तो पुरा होतो. तेलंगण उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये तीच दिशा धरली. हे निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टाला बंधनकारक नाहीत, पण समोर ठेवता येतात. नुसत्या या आधारावर मी आज तुमच्या बहिणीचा दुसरा निकाह लावायला सांगणार नाही.

गोव्यात हा गुंता बराच कमी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनची समान नागरी संहिता मुसलमानांनाही लागू आहे; लग्नाची नोंद सरकारी रजिस्टरात आणि तोंडी तलाकला जागा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या एका निकालात नमूद केलंय. निकाहसोबत विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेल्यांनाही घटस्फोट त्याच कायद्याने कोर्टातूनच घ्यावा लागतो. धर्माच्या बाजूचा प्रश्न मात्र त्यांनाही उरतो, आणि उत्तर तेच, नवऱ्याने काय लिहून दिलं ते बघा.

इद्दतबद्दल, म्हणजे निकाह तुटल्यावर बाईने दुसऱ्या निकाहआधी थांबायच्या काळाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. "चार वर्षं वेगळेच राहतात, आता कसली इद्दत?" असं लोक म्हणतात. इद्दत वेगळं राहायला लागल्यापासून नव्हे, निकाह ज्या दिवशी तुटला त्या दिवसापासून मोजतात. मुबारातनाम्यावर १० तारीख असेल तर १० पासून. इंग्लंडच्या आदेशाची २०२४ ची तारीख धरून 'इद्दत केव्हाच संपली' म्हणाल, तर काझीसाहेब पुन्हा अडतील आणि या वेळी ते बरोबर असतील. पाळी येणाऱ्या बाईला तीन पाळ्यांचा हिशेब, शाफई तो पाकीच्या काळाने मोजतात म्हणून दिवसांत थोडा फरक पडतो. पाळी बंद असेल तर तीन चांद्रमास. गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत. नव्या स्थळाकडच्यांना तारीख देताना हे धरून द्या.

काझीसाहेबांशी भांडू नका. १८८० च्या काझी कायद्यातच लिहिलंय, की काझीला न्यायदानाचा अधिकार नाही आणि निकाहला काझी हजर असणं कायद्याने सक्तीचंही नाही. तुम्ही दुसऱ्या गावचा पेश इमाम आणून निकाह लावू शकता. पण जमातीत नोंद नसलेला निकाह उद्या मुलांच्या दाखल्यापासून वारसापर्यंत नडतो, आणि तुमचं गाव मला माहीत आहे.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. इंग्लंडच्या कोर्टातला प्रत्येक कागद, नवऱ्याच्या सहीचा प्रत्येक तुकडा, त्याच्या वकिलाचे ई-मेलसुद्धा, बहिणीकडून मागवून घ्या. कुठेतरी त्याने 'मलाही हे लग्न नकोय' असं लिहिलं असेल तर अर्धं काम झालं. निकाहनाम्याची नक्कल जमातीकडून काढा आणि त्यात तलाक-ए-तफवीजची अट आहे का बघा. २०१२ च्या काही छापील निकाहनाम्यांत ती असते, घरच्यांनी न वाचता सही केलेली असते. असेल तर तुमची बहीण नवऱ्याने सोपवलेल्या अधिकारानेच स्वतःला तलाक देऊ शकते, त्याला कोणी विचारायची गरज नाही. नसेल तर नव्या निकाहनाम्यात ती घालायला विसरू नका. आणि शरिया कौन्सिलचा अर्ज बहिणीने आजच भरावा, मुबारातची बोलणी चालू असली तरी.

कागद आले की फोन करा. मुबारातनाम्याचा मसुदा मी करून देईन, सोन्याची यादी मात्र आईंना बसवून करून घ्या. दागिना कोणाकडून आला हे पुरुषांना कधीच आठवत नाही.